गावभागातून विश्रामबागेत: नवे सामान न घेता घर लावता येईल का?

प्रश्न: कृष्णाकाठची सून (सांगली)

नमस्कार. येत्या अक्षय्य तृतीयेनंतर आम्ही गावभागातले जुने घर सोडून विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहायला जात आहोत. कारण सांगलीकरांना सांगायला नको. 2005, 2019 आणि 2021 अशा तिन्ही वेळा आमच्या सोप्यात पुराचे पाणी आले, आणि दर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे ऐकत सामान खाली-वर करण्याची ताकद आता घरात कोणाच्याच अंगात उरलेली नाही.

नव्या घरात दोन खोल्या, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एवढाच पसारा आहे, माळाही एकच. यजमानांचे म्हणणे असे की, एकदाच काय तो खर्च करावा, स्वयंपाकघराला ट्रॉल्या बसवाव्यात, एकसारखे हवाबंद डबे, फ्रीजमध्ये ठेवायचे कप्पे, पलंगाखाली सरकणाऱ्या पेट्या असे सगळे मागवावे आणि जुने मोडीत घालावे. सासूबाईंचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे: या घरातली एकही वस्तू मोडीत जाणार नाही. घरात इतके काही असताना सामान ठेवण्यासाठी आणखी सामान विकत घ्यायचे, हे माझ्या मनाला पटत नाही. पण आहे ते सगळे उचलून नेले तर त्या घरात माणसांनी बसायचे कुठे, हाही प्रश्न आहेच.

सामान काय काय आहे ते सांगते. पितळेची पातेली, पराती, घंगाळ आणि हंडा-कळशी; ही भांडी सणासुदीलाच खाली उतरतात. शाळू आणि गहू साठवायचे पत्र्याचे डबे, बहुतेक सगळे पंधरा किलो तेलाचे, झाकण बसवून घेतलेले. चिनी मातीच्या बरण्या. एक सागवानी पेटी आणि दोन लोखंडी ट्रंका. अंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. सासूबाईंची आणि त्यांच्या सासूबाईंची सुती लुगडी. शिवाय जुना फ्रीज, जुने पंखे, रंगाचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे आणि 'कधीतरी लागेल' म्हणून धुऊन ठेवलेल्या काचेच्या बाटल्यांची एक अख्खी फळी.

यांतले काय न्यावे, कशाला कोणते काम द्यावे आणि कुठे मात्र नवीनच घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. 'आठवण म्हणून ठेवा' किंवा 'सगळे देऊन मोकळे व्हा' यापलीकडचे उत्तर मिळाले तर उपकार होतील.

प्रतिसाद: शाहूपुरीकर (सातारा)

ताई, आपण सामानाची यादी दिली आहे. माझी सूचना अशी की, ती यादी तूर्त बाजूला ठेवून घरातल्या कामांची यादी करावी. 'हवाबंद डब्यांचा संच' हे वस्तूचे नाव झाले. 'वर्षाचा शाळू टोके (धान्यातले किडे) न पडता पावसाळ्यातून काढायचा आहे' हे काम झाले. वस्तूचे नाव लिहिले की पाय दुकानाकडे वळतात. काम लिहिले की ते करणारी वस्तू बहुधा घरातच सापडते, आणि ज्या कामाच्या पुढे खरोखरच काही लिहिता येत नाही तेवढ्यापुरता खर्च करायला मग कोणाची ना नसते. आपल्या यजमानांच्या आणि सासूबाईंच्या म्हणण्यात जो पेच दिसतो तो वस्तूंवरून पडला आहे. कामांच्या यादीवर दोघांचे एकमत होण्यास हरकत दिसत नाही.

उदाहरणार्थ परात घ्या. कणीक मळणे, भाजी निवडणे, शेंगदाणे पाखडून झाल्यावर पसरणे, चिवडा कालवणे ही सगळी कामे एका मोठ्या परातीत होतात. हल्ली यांतल्या प्रत्येक कामासाठी वेगळे भांडे विकत मिळते, आणि ते प्रत्येक भांडे कपाटात जागा मागते, घासायला वेळ मागते. लोखंडी ट्रंकेवर गादी टाकून चादर अंथरली की बैठकीच्या खोलीत दोन माणसांची बसण्याची सोय होते आणि पोटात पांघरुणे राहतात. पलंगाखाली सरकणाऱ्या पेटीचे काम याहून निराळे नाही. जेवायला बसण्याचे लाकडी पाट टेबल आल्यापासून अडगळीत पडले असतील, तर ते धान्याच्या डब्यांखाली घालावेत, म्हणजे फरशीची ओल डब्याच्या बुडाला लागत नाही. आमच्या साताऱ्यात पावसाळ्यात ही ओल फार छळते; सांगलीत पाऊस कमी असला तरी फरशी पुसल्यावर पाणी डब्याखाली जातेच.

दुसरे असे की, निवड हलवाहलवीच्या दिवशी करू नये. हाताशी अजून वेळ आहे, तेव्हा जे न्यायचे असे वाटते तेवढेच सामान आताच्या घरातल्या एका खोलीत आणावे आणि काही आठवडे त्यावरच संसार करून पाहावा. ज्या वस्तूसाठी पुन:पुन्हा दुसऱ्या खोलीत जावे लागते ती वस्तू यादीत घालावी. जिला त्या काळात कोणाचा हातही लागला नाही तिच्याबद्दल बोलणे मग सोपे होते. सासूबाईंना यात शेवटी नव्हे, सुरुवातीलाच घ्यावे. कोणती वस्तू कशासाठी घेतली होती हे त्यांच्याइतके घरात कोणालाच ठाऊक नसणार, आणि त्यांच्या पाठीमागे एखादी कळशी जरी दुकानात गेली तरी बाकीच्या सगळ्या वस्तूंवरचा त्यांचा हात घट्ट होईल.

काचेच्या बाटल्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. घरातले वापरायचे या नावाखाली साठवण्याचीच सवय पोसली जाते. मसाले आणि कडधान्ये यांना जेवढ्या लागतात तेवढ्या, एका उंचीच्या, एका फळीवर मावतील अशा ठेवाव्यात. बाकीच्या काचवाल्याला देऊन टाकाव्यात, कारण बाटल्या घरोघरी रिकाम्या होतच राहतात.

प्रतिसाद: मिरजेची मावशी (मिरज)

पितळेबद्दल मी लिहिते, कारण आमच्याकडे पितळेची पातेली आजही रोज चुलीवर, म्हणजे गॅसवर, चढतात. कल्हई असेल तर पितळेत वरण, भात, खीर, काहीही करावे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्याला आंबटाचे वावडे. चिंच-आमसुलाची आमटी, ताकाची कढी, टोमॅटोचे सार उघड्या पितळेत ठेवले की कळकते, आणि तसे कळकलेले अन्न पोटात जाऊ देऊ नये. कल्हई म्हणजे त्यावरचा कथलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि वितळलेले कथील कापसाने आतून फिरवतो. त्याच्याजवळ उभे राहून करून घ्यावी आणि शुद्ध कथलाचा आग्रह धरावा, कारण शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते आणि शिसे हे विष आहे.

कल्हईचे भांडे रिकामे आचेवर विसरू नये. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. पाणी किंवा डाळ आत असेपर्यंत भांडे तेवढे तापत नाही, पण कोरडे तापले की कल्हई सुटून बुडाशी थेंब जमतात. म्हणून रवा भाजणे, शेंगदाणे भाजणे ही कामे लोखंडी कढईकडे द्यावीत. घासताना आतून तारेची घासणी लावू नये आणि चिंच-मिठाचा हात बाहेरूनच फिरवावा. नव्या घरात इंडक्शनची शेगडी घेणार असाल तर आधीच विचार करा, कारण साध्या इंडक्शनवर पितळ आणि तांबे चालत नाही. चुंबक ज्याला चिकटतो तेच भांडे तिथे तापते.

सगळी पातेली नेण्याची गरज नाही. घरात माणसे किती त्यावरून दोन मापांची ठेवावीत, त्यांना कल्हई करावी आणि त्या मापांची स्टीलची काढून टाकावीत. दोन्ही ठेवली तर स्टीलचेच वापरले जाते, कारण त्याचे लाड करावे लागत नाहीत. कळशीत पिण्याचे पाणी भरून ठेवता येते. घंगाळात लोक हल्ली कुंडी करतात. ते मला बघवत नाही, पण ज्याचे त्याचे घर.

आता पत्र्याचे डबे. हे टाकून प्लॅस्टिकचे हवाबंद डबे आणणे म्हणजे निव्वळ हौस आहे. डबा उन्हाकडे धरून आतून पाहा. सांध्यातून उजेड दिसला किंवा बुडाला गंज धरला असेल तर तेवढाच काढावा. तेलाचा खवट वास उरला असेल तर खाण्याचा सोडा घालून कडकडीत पाण्याने धुवावा आणि दिवसभर उन्हात उपडा ठेवावा. शाळू आणि गहू कडक उन्हात वाळवावेत, पण उन्हातून उचलून तसेच गरम भरू नयेत. आत वाफ धरते आणि ओल झाली की किडीला निमित्तच मिळते. रात्रभर सावलीत निवू द्यावेत, मग डबा काठोकाठ भरावा, म्हणजे आत हवा कमी राहते. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घालावा. तूरडाळीला आणि कडधान्याला एरंडेलाचा हात पुरतो. मीठ, चिंच आणि लोणचे यांना पत्रा नको, तो गंजतो; ते काम बरण्यांचे, आणि बरणीच्या तोंडावर दादरा बांधायला जुन्या धोतराचे फडके.

प्रतिसाद: वायरमन (तासगाव)

मी घरांच्या वायरिंगची कामे करतो, म्हणून विजेच्या वस्तूंपुरते लिहितो. भांडी, पेट्या, कपडे यांना 'आहे तेच वापरा' हा न्याय लागू पडतो, कारण त्या वस्तू नुसत्या असल्याने काही खर्च होत नाही. विजेची वस्तू दर तासाला पैसे खाते. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅटचा असतो. आता मिळणारा बीएलडीसी पंखा तेवढीच हवा 30 वॅटच्या आसपास देतो. पंखा रोज बारा तास चालला तर जुन्याला 0.9 युनिट आणि नव्याला 0.36 युनिट लागते, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटांचा फरक पडतो. त्यामुळे जे पंखे रात्रंदिवस फिरतात ते बदलावेत, आणि पाहुण्यांच्या खोलीत जो वर्षातून चार दिवस फिरतो तो जुनाच लावावा. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाचे लेबल सक्तीचे आहे. ते पाहूनच घ्यावा. पिवळा 60 वॅटचा बल्ब मात्र कुठेही नेऊ नये. 9 वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो.

फ्रीज बदलण्याआधी त्याच्या दाराचे रबर पाहा. दारात कागद धरून दार लावावे आणि कागद ओढावा. तो सहज निसटला तर थंडावा तिथून जातो आहे. रबर तेवढे बदलून मिळते. मिक्सरही कुरकुरू लागला म्हणून टाकू नये. बहुतेक वेळा कार्बन ब्रश, कपलर किंवा भांड्याचा बुश झिजलेला असतो, आणि हे भाग कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात मिळतात.

गॅसची नळी मात्र 'अजून चांगली दिसते' म्हणून नव्या घरी नेऊ नका. नळीवर मुदत छापलेली असते, ती उलटली असेल तर नवीच घ्यावी. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रबराचे कडे यांनाही हेच लागू. तिथे काटकसर करू नये.

कृष्णाकाठची सून (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. शाहूपुरीकर काकांनी सांगितल्याप्रमाणे काल सासूबाईंना घेऊन कामांची यादी करायला बसले. त्यांनी पहिल्याच वाक्यात डबे, बरण्या आणि दोन पातेली यांचे काम ठरवून टाकले आणि उरलेल्या पातेल्यांबद्दल स्वत:हून म्हणाल्या की, 'ही पंगतीची आहेत, आता पंगत कुठे बसते?' यजमानांच्या ट्रॉल्या अजून यादीत आहेत. त्यावर मी गप्प आहे.

अडले आहे ते बंबापाशी. सदनिकेत तो पेटवता येणार नाही हे सासूबाईंनाही मान्य आहे, पण तो मोडीत घालायचा म्हटले की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. आणि एक विचारायचे राहिले: पुराचे पाणी लागलेल्या वस्तूंचे काय करावे? सागवानी पेटी दोनदा भिजलेली आहे, रंगाचे डबे तर पुरानंतरच जमलेले आहेत.

प्रतिसाद: हरिपूर रस्ता (सांगली)

आपली गल्ली आणि आमची गल्ली पुराच्या बाबतीत एकाच दैवाची. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले तेव्हा, धोक्याची पातळी 45 फूट असताना, घरातले काय टिकले आणि काय गेले हे आम्ही चिखल उपसताना पाहिले आहे. त्यावरून सांगतो.

चिनी मातीची बरणी पुरात बुडाली तरी बिघडत नाही. साबणाने धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या सौम्य पाण्यात ठेवून, खळखळून विसळून उन्हात वाळवली की पुन्हा लोणच्याला चालते. पण चकाकीला तडे गेले असतील तर त्यांत घाण शिरते, तशी बरणी खाण्यासाठी वापरू नये. ब्लीचिंगच्या पाण्यात ॲसिड किंवा संडास धुण्याचे द्रव कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. पितळ, तांबे, स्टील यांना पुराचे काहीच होत नाही. गाद्या आणि उशा मात्र एकदा पुरात भिजल्या असतील तर त्यांचा कापूस पिंजून पुन्हा भरण्याचा मोह टाळावा. आतला गाळ आणि बुरशी पिंजण्याने जात नाही. न भिजलेल्या गादीचा कापूस खुशाल पिंजून घ्यावा, नव्या गादीच्या तुलनेत तो खर्च किरकोळ असतो.

सागवान पाण्याला दाद देत नाही, पण पेटीचे बूड आणि मागची फळी पुष्कळदा हलक्या लाकडाची असते. पेटी उलटी करून बुडाला टाचणी टोचून पाहावी. ती सहज आत गेली तर तेवढी फळी सुताराकडून बदलून घ्यावी. बारीक छिद्रे आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर आधी किडीचा बंदोबस्त करावा, मगच ती नव्या घरात न्यावी, नाहीतर तिथल्या ट्रॉल्यांच्या प्लायवूडलाही त्रास होईल. यजमानांना हे सांगावे. पेटीकडे ते जरा आदराने पाहतील.

रंगाच्या डब्यांत धान्य, पीठ, पिण्याचे पाणी यांपैकी काहीही ठेवू नये, कितीही धुतले असले तरी. ते प्लॅस्टिक खाण्यासाठी केलेले नसते. बाल्कनीतल्या झाडांना एक-दोन, फरशी पुसायला एक. बाकीचे देऊन टाकावेत.

बंबाबद्दल असे सुचवतो की, मोडीच्या दुकानाआधी नात्यात पाहावे. वाई, जावळी, पाटण या बाजूच्या गावांत लाकूडफाटा घरचा असतो आणि हिवाळ्यात बंब अजून पेटतो. सासूबाईंच्या माहेरी किंवा लेकीकडे असे घर असेल तर बंब त्याच्या कामावर रुजू होईल, आणि त्यांना तो पाहायलाही मिळेल. तसे कोणी नसेल आणि विकायचाच झाला, तर आधी घरी वजन करून घ्यावे, तोटी आणि जाळी वेगळी मोजली जाते का ते विचारावे, दोन दुकानांत भाव काढावा. तांब्याचा भाव बरा मिळतो. त्या पैशातून पातेल्यांची कल्हई आणि एक-दोन पंखे होऊन जातील.

प्रतिसाद: वाकळवाली (कराड)

लुगड्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. जुन्या सुती लुगड्याचा उत्तम उपयोग वाकळ, म्हणजे गोधडी, हाच. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याच्या घड्या घालून थर रचले की एका वाकळेला तीन-चार लुगडी पुरतात. मात्र सगळी लुगडी एका मापाने मोजू नयेत. प्रत्येक लुगडे उजेडासमोर धरावे. जे विरले आहे, ओढले की फाटते, ते वाकळेत घातले तर टाक्याबरोबर उसवत जाईल. त्याची फडकी करावीत, आणि ती फडकी स्वयंपाकघरात पुसायला, दह्याचा चक्का टांगायला, बरणीला दादरा बांधायला कामी येतात. जे मऊ झाले आहे पण घट्ट आहे, ते आतल्या थराला. ज्याचा रंग आणि काठ शाबूत आहेत, ते वरच्या थराला. नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या वाकळेत मिसळू नयेत. त्या घाम टिपत नाहीत, सुती थरावरून सरकतात आणि वाकळेला गोळे येतात. त्यांच्या बाजाराच्या पिशव्या मजबूत होतात.

शिवण्याआधी सगळी लुगडी धुऊन, रंग जाणारी वेगळी काढून, कडकडीत वाळवावीत. चारी कडा आधी मोठ्या टाक्यांनी टाचून घ्याव्यात, मग बाहेरून आत असा धावदोरा घालत यावे. मधून सुरुवात केली की कापड फुगते आणि कोपरे तिरके होतात. घरी वेळ नसेल तर मजुरीवर वाकळ शिवून देणाऱ्या बाया आपल्या भागात अजून आहेत. त्यांच्याकडे देताना टाके किती जवळ हवेत आणि मजुरी दोऱ्यासह की दोऱ्याशिवाय, हे आधी बोलून घ्यावे.

सासूबाईंच्या सासूबाईंचे एखादे लुगडे काठपदराचे आणि धड असेल तर ते कापण्याआधी घरातल्या मुलीसुनांना विचारावे. आणि हे काम उन्हाळा आहे तोवर काढावे, कारण वाकळ पसरायला लागणारी जागा आपल्या जुन्या सोप्यात आहे, सदनिकेत ती मिळणार नाही.